माभेलेचं गाणं, म्हणे पारंपरिक

नोक्वेझी म्बोलेक्वा या नावानं आमच्या, दक्षिण आफ्रिकेतल्या त्सोलो गावात त्यांना कुणीच हाक मारत नाही. सदतीस वर्षं शाळेत शिकवलं म्हणून अर्ध्या गावाच्या त्या 'बाई', आणि जन्म भेले कुळातला म्हणून उरलेल्या अर्ध्या गावाच्या 'माभेले'. वय चौसष्ट. गुडघे कुरकुरतात, पण मंगळवारी शाळेच्या हॉलात तालीम सुरू करताना बाई पहिला सूर, 'डो', लावतात तो आवाज अजून असा, की बाहेर चरणारी शेळी मान वर करून बघते. स्वभाव तापट, अगदी ठिणगी. तालमीला उशिरा येणाऱ्या पन्नाशीच्या बाप्यालासुद्धा त्या दारात उभं करतात, आणि तो उभा राहतो, कारण पस्तीस वर्षांपूर्वी त्याच दारात तो तसाच उभा असायचा.

या बाई गाणी रचतात. चर्चची, शाळेची, दुष्काळाची, लग्नाची. आजवर बेचाळीस झाली. चार आवाजांची गाणी, बायकांचे सोप्रानो आणि ऑल्टो, पुरुषांचे टेनर आणि बेस, प्रत्येकाची वाट वेगळी आणि शेवटी सगळे एका घरी. लिहितात आपल्याकडे सगळे लिहितात तशीच, डो-रे-मीची अक्षरं, मध्ये ठिपके आणि रेघा. पाच रेघांवरची ती काळी बोंडं बाईंना वाचता येतात, पण त्यांचं म्हणणं, "ज्याच्या घरी पियानो आहे त्यानं ती वाचावीत. माझ्याकडे चाळीस गळे आहेत." आणि गायला उभे राहिले की काळे ब्लेझर, पांढरे शर्ट, बायकांचे स्कर्ट गुडघ्याखाली, पॉलिश केलेले बूट. बुटाला धूळ दिसली तर बाई गाऊ देत नाहीत.

त्यातलं एक गाणं सगळ्यांना माहीत आहे. झऱ्यावर गेलेल्या बायकांचं. चौऱ्याऐंशी सालच्या दुष्काळात रचलं, बाई तेव्हा नुकत्याच लग्न होऊन आलेल्या. ते एका गायकवृंदाकडून दुसऱ्याकडे गेलं, दुसऱ्याकडून दहाव्याकडे. कसं गेलं? झेरॉक्सवर गेलं, आणखी कसं जाणार? गाणं लांब, कागद आखूड. शेवटची ओळ कागदावर बसवायची तर वरचं काहीतरी कापणं आलं, आणि सगळ्यात वर काय, तर बाईंचं नाव. "असू दे हो, गाणं कुणाचं ते कुणाला ठाऊक नाही?" असं म्हणून पहिल्या मास्तरानं ते कापलं. मग झेरॉक्सची झेरॉक्स, तिची झेरॉक्स. बाईंनाही त्यात काही वाटलं नाही. उलट स्वतःचं नाव मोठ्या अक्षरात लिहिणाऱ्यांना त्या हसायच्या. आता त्या स्वतःच्या नावानं खडे फोडतात, पण आता काय उपयोग?

शहरातल्या वाद्यवृंदाच्या ऑफिसात मोन्वाबिसी नावाचा बाईंचा जुना विद्यार्थी नोकरीला आहे. आता चाळिशी उलटलेला, पोट सुटलेला, पण फोनवर बाईंशी बोलताना उठून उभा राहतो. मार्च महिन्यात त्याचा फोन आला.

"बाई, आनंदाची बातमी! आमच्या वारसा-मैफलीत तुमचा वृंद हवाय. तुमचं झऱ्याचं गाणं, पूर्ण वाद्यवृंदाबरोबर. आमचे संगीतकार डॉक्टर मोडिसे यांनी नवी रचना बांधलीय त्यावर."

बाईंना आनंद झाला, खोटं कशाला सांगू? आपली अक्षरं आणि ठिपके व्हायोलिनवर वाजणार म्हणून त्या दोन दिवस घरात गुणगुणत होत्या. गुरुवारी चर्चमधल्या बायकांच्या प्रार्थनेत तिथला ठरलेला लाल ब्लाऊज घालून त्यांनी देवाचे आभारही मानले. तिसऱ्या दिवशी परत फोन.

"बाई, एक विनंती होती. फक्त बायका आणा. पुरुष नकोत."

"का रे? माझे टेनर काय खायला मागतात का?"

"तसं नाही. डॉक्टर म्हणतात, हे बायकांचं गाणं आहे. आणि... ब्लेझरही नको."

"मग काय घालून येऊ, नाइटी?"

"मण्यांच्या माळा, गेरूत रंगवलेले झगे. आणि तोंडाला पांढरी माती."

बाईंनी आवाज खाली आणला. तो आवाज ऐकला की मोन्वाबिसीला अजून सातवीचा वर्ग आठवतो.

"मोन्वाबिसी, माझ्या पणजीचा बाप्तिस्मा झालेला होता. आमच्या घरात माती भिंतीला लावतात, तोंडाला नाही. तुला सातवीत पास केलं ती माझी चूक झाली."

"बाई, माझ्या हातात काही नाही हो."

गेल्या शेवटी. गाण्यासाठी गेल्या. सव्वीस बायका, एक बस, डब्यात भरडलेला मका आणि घेवडा, पिशवीभर तळलेले पिठाचे गोळे. तेरा पुरुष तोंड पाडून घरी बसले. बायकांमध्ये बाईंच्या नणंद नोसाखेले होत्या, एकाहत्तर वर्षांच्या, ऑल्टोच्या रांगेचा कणा. सासरी आल्यापासून बाईंनी त्यांच्या शब्दाबाहेर पाऊल टाकलेलं नाही.

तालमीला डॉक्टर ओलेबिले मोडिसे स्वतः हजर होते. आपल्यातलाच माणूस, पण उत्तरेकडचा, त्स्वाना लोकांतला. आपली भाषा त्यांना येत नाही, म्हणून सगळं बोलणं इंग्रजीत. पन्नाशीचा, पिकलेली दाढी, बोलणं मऊ, बाईंना वाकून नमस्कार केला, 'मा' म्हणून हाक मारली. राग यावा असं त्या माणसात काही नव्हतं, आणि त्यामुळेच बाईंचा राग जास्त पेटला असावा.

व्हायोलिनवाल्यांनी एक लांबलचक सूर धरला. मागून ढोल. ढोल! बाईंच्या बेचाळीस गाण्यांत ढोल औषधालासुद्धा नाही. आणि मग बायकांनी सगळ्यांनी मिळून एकच ओळ गायची, वर नाही, खाली नाही, सरळ एकच. बाईंनी कागद पाहिला आणि त्यांच्या पायाखालची जमीन सरकली. ती दुसऱ्या कडव्यातली ऑल्टोची ओळ होती. नुसती ऑल्टो!

"थांबवा," बाई म्हणाल्या. पन्नास वाजवणारे थांबले. "माझे सोप्रानो कुठे गेले? बेस कुठाय?"

मोडिसे हसून जवळ आले. "मा, ते चार आवाज मिशनऱ्यांनी वरून चढवलेले आहेत. गंज असतो तसा. मी तो खरवडून काढला. खालचं मूळ गाणं शोधायला मला दोन वर्षं लागली."

"दोन वर्षं? अरे बाबा, मला विचारलं असतंस तर दोन मिनिटांत सांगितलं असतं! मूळ गाणं चार आवाजांचंच आहे. आधी मी बेस लिहिला, मग टेनर. तू ज्याला मूळ म्हणतोस ते मी सगळ्यात शेवटी लिहिलं, ऑल्टोवाल्यांना काम नव्हतं म्हणून!"

आणि पिशवीतून त्यांनी वही काढली. तपकिरी पुठ्ठ्याची, कोपरे झिजलेली, आत निळ्या शाईत अक्षरं आणि ठिपके, वर नाव आणि तारीख. मोडिसेंनी ती दोन्ही हातांनी घेतली. पानं सावकाश उलटली.

"तुम्ही हे उतरवून ठेवलंत, हे फार मोठं काम झालं," ते म्हणाले.

"उतरवून नाही. रचलं."

"मा, रागावू नका. पण शब्द बघा. मी तुमच्या भाषेच्या जाणकारांकडून तपासून घेतलेत. यात पाण्याला पाणी म्हटलेलं नाही, 'शमवणी' म्हटलंय. आभाळाला आभाळ नाही, 'वरचं' म्हटलंय. ही बायकांची फार जुनी बोली आहे. शाळेत शिकवणारी बाई, दुष्काळावर गाणं लिहिते, आणि त्यात पाणी हा शब्द एकदाही लिहीत नाही? का लिहिणार नाही?"

का लिहिणार नाही! आता कपाळावर हात मारून घ्यावा की काय करावं? आपल्याकडे सुनेनं सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही, हे त्या डॉक्टरला ठाऊक असेलही. पण नुसतं नाव नाही. त्या नावाचा तुकडा ज्या ज्या शब्दात सापडेल तो शब्दसुद्धा सुनेला बंद. त्याजागी बायका आपसांत ठरलेला दुसरा शब्द वापरतात. बाईंच्या सासऱ्याचं नाव असं, की त्यात पाणीही आलं आणि आभाळही आलं. मग दुष्काळावर गाणं रचायला बसलेल्या नव्या नवरीनं करायचं काय? स्वयंपाकघरात बसून तिनं एकेक शब्द असा चुकवला जसं ओल्या शेणातून चालताना पाय चुकवतात. इतकं जपलं, इतकं जपलं, आणि आता हा माणूस तेच जपणं दाखवून म्हणतोय की बघा, किती जुनं आहे, तुमचं असणं शक्यच नाही.

हे पटवायचं तर एकच वाट होती. बाईंनी मागे पाहिलं. सव्वीस बायका, अर्ध्याअधिक कुणाच्या ना कुणाच्या सुना. त्यांच्या तोंडावर ती पांढरी माती तालमीसाठी फासलेली, वाळून तडकलेली. नणंद पहिल्या रांगेत बसलेल्या. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, त्या नुसत्या भावजयीच्या तोंडाकडे बघत होत्या.

"माझ्या सासऱ्यांचं नाव," बाई म्हणाल्या. बेचाळीस वर्षांत ते नाव त्या जिभेवर आलेलं नव्हतं. सासरे गेले त्या दिवशी रडतानाही नाही. "मांझेझुलू. माझ्या सासऱ्यांचं नाव मांझेझुलू. आभाळाचं पाणी. म्हणून पाणी नाही, म्हणून आभाळ नाही. कळलं आता? तुमच्या जाणकारांना सांगा."

मागे कुणीतरी "अगं बाई!" म्हणालं. इंग्रजीच्या त्या सगळ्या लोंढ्यात नोसाखेलेंना एकच शब्द कळला होता, आपल्या बापाचं नाव. तेही सुनेच्या तोंडून, भांडणात, परक्या पुरुषासमोर. त्या उठल्या आणि हॉलबाहेर गेल्या. परत आल्या तेव्हा रांगेतली जागा बदलून बसल्या, आणि बाईंशी एक अक्षर बोलल्या नाहीत.

मोडिसेंनी मात्र वही परत उघडली. 'शमवणी' या शब्दावर बोट ठेवलं. मग बाईंना खिडकीपाशी घेऊन गेले.

"मा, मला पटलं," ते हळू आवाजात म्हणाले. "गाणं तुमचं आहे."

"मग लिहा तसं."

"कसं लिहू? मला हे काम मिळालं ते वारशावर रचना कर म्हणून. हयात बाईचं गाणं निघालं तर ती चोरी ठरते." त्यांनी डोळे चोळले. "तुम्हाला वाटत असेल हा शिकलेला, याला काय कमी? बारा वर्षं मी युरोपात होतो. सिंफनी लिहिली, तंतुवाद्यांच्या चौकड्या लिहिल्या. प्रत्येक वेळी एकच प्रश्न. छान आहे, पण यात आफ्रिका कुठंय? गोऱ्या पोरांना कुणी विचारत नाही, यात तुझं गाव कुठंय. मग म्हटलं, घ्या आफ्रिका. शोधत शोधत तुमच्या झऱ्यावर आलो."

"आणि तिथं मी बसलेली."

"हो."

"मग मी कोण रे? मी आफ्रिका नाही?" बाईंचा आवाज चढला. "मी ब्लेझर घालते म्हणून? मला चार आवाज येतात म्हणून? तुला आजी हवीय, तीही मेलेली. जिवंत बाई मध्ये आली की तुमचा वारसा बिघडतो!"

मोडिसेंनी वही मिटून त्यांच्या हातात दिली. पत्रिका छापून झाल्या आहेत, ते म्हणाले, पण मी उद्या स्टेजवरून तुमचं नाव घेईन. शब्द देतो. बाईंनी शब्दावर विश्वास ठेवला. शिकवणाऱ्या माणसाची ती खोडच असते, समोरचा सुधारेल असं वाटत राहतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी हॉल गच्च भरला. पत्रिकेवर छापलं होतं, 'झऱ्यावर. पारंपरिक. रचना: डॉ. ओलेबिले मोडिसे.' ते स्टेजवर आले. पहिल्या रांगेत देणगीदार, पाहुणे, मोठमोठी माणसं. बाई रांगेत उभ्या, तोंडाला माती, मान ताठ. मोडिसेंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, मग खाली पाहिलं, आणि म्हणाले, "हे गाणं ज्या अनाम मातांनी शतकानुशतकं जपलं, त्यांना मी वंदन करतो."

अनाम! चार हातांवर उभी आहे रे ती! टाळ्या कडाडल्या. बाईंना वाटलं, आत्ताच्या आत्ता खाली उतरावं. पण बायकांनी हौसेनं मणी ओवले होते, दोघींनी नातवंडांना आणलं होतं. त्यांना न गाता परत नेणं बाईंच्यानं झालं नाही. त्या गायल्या, ती एकटी ऑल्टोची ओळ, ढोलावर. परत येताना बसमध्ये मोन्वाबिसीचे चार फोन आले, बाईंनी उचलले नाहीत. नोसाखेले सगळ्यात मागच्या बाकावर बसल्या होत्या. बाई डबा घेऊन त्यांच्याकडे गेल्या, "वन्सं, दोन घास खा." त्यांनी खिडकीकडे तोंड फिरवलं.

सहा महिने तसेच गेले. मैफलीचं रेकॉर्डिंग दर रविवारी सकाळी रेडिओवर लागायचं, 'झऱ्यावर, मूळ रूपात'. बाई रेडिओ बंद करायच्या, तर शेजारच्या घरातून ऐकू यायचं. अंत्ययात्रेत लोक ती एकच ओळ गायला लागले. एकदा कबरस्तानात बाईंनी सवयीनं वरचा सूर लावला, तर पलीकडच्या गावची एक बाई प्रेमानं कोपर मारून म्हणाली, "तसं नाही हो, मावशी. ते आता खरं कसं आहे ते सापडलंय." बाई त्या दिवशी घरी आल्या त्या चुलीपाशी बसून राहिल्या. रडल्या नाहीत, पण चहा उतू गेला तरी उठल्या नाहीत.

सप्टेंबरात म्थाथाला गायकवृंदांची स्पर्धा आली. स्वतःच्या पसंतीचं गाणं म्हणून बाईंनी झऱ्याचंच ठेवलं. चार आवाज, काळे ब्लेझर, तेराही पुरुष, चकचकीत बूट. नोसाखेलेही आल्या, अबोला धरून, पण आल्या. आणि काय गायले त्या दिवशी! बेस असे लागले की खुर्च्या थरथरल्या. शेवटच्या सुरानंतर लोक उभे राहिले. बाईंनी घाम पुसला. म्हटलं, झालं. पहिला नंबर कुठे जात नाही.

परीक्षक सिनोवुयो नावाची होती, तिशीची, हुशार, आपल्याकडचीच. आपल्या भाषेत तिनं माइकवर शेरा वाचला. "गायन उत्कृष्ट. मात्र आठ गुण कापावे लागत आहेत. हे गाणं पारंपरिक आहे. त्याचे शब्दच सांगतात, पाण्याला शमवणी, आभाळाला वरचं, आपल्या आज्यांच्या काळची बोली. अशा गाण्यावर चार आवाजांचा पाश्चात्त्य थर चढवणं योग्य नाही. मूळ रूप आता उपलब्ध आहे. या वृंदानं ते जरूर ऐकावं."

बाई उभ्या राहिल्या. बोलायलाच उठल्या होत्या. काय बोलणार होत्या? वही दाखवून झाली होती. जे नाव घ्यायचं नाही ते घेऊन झालं होतं. घरातलं माणूस गमावून झालं होतं. त्या तशाच उभ्या राहिल्या, ब्लेझरचं बटण घट्ट धरून, आणि त्यांना वाटलं की आपण खरंच मेलो असतो तर यांना किती बरं पडलं असतं.

ऑल्टोच्या रांगेत खुर्ची सरकली.

"ए पोरी," नोसाखेले म्हणाल्या. शेरा आपल्या भाषेत होता, त्यामुळे त्यांना शब्द न् शब्द कळला होता. "शमवणी कुणाच्या आज्यांचं म्हणालीस?"

"मावशी, पारंपरिक—"

"माझ्या बापाचं नाव मांझेझुलू. मी त्याची लेक, मी घेऊ शकते. ही त्याची सून. हिनं माझ्या बापाच्या नावाला जपलं, म्हणून या गाण्यात पाणी नाही. हे गाणं लिहिताना मी हिच्या शेजारी बसून मका सोलत होते. दर दोन ओळींनी मला विचारायची, वन्सं, हा शब्द चालेल का? तो चालेल का?" त्या बाईंकडे वळल्या. "त्या दिवशी शहरात तू याच्यासाठी घेतलंस होय गं ते नाव? आणि मी मेली तुझ्याशी बोलले नाही."

"वन्सं, बसा आता," बाई म्हणाल्या, पण ते कुणाला ऐकू गेलं नाही.

परीक्षक पोरगी गोरीमोरी झाली होती. गुण नोंदवून, सही करून वर गेले आहेत, ते आता बदलता येत नाहीत, असं तिनं सांगितलं, आणि ते खरंच होतं. बाईंचा वृंद चौथा आला. पण तिनं टेबलावरचा कागद पुढे ओढला, 'पारंपरिक' हा शब्द खोडला, आणि खाली मान घालून विचारलं, "मावशी, रचनाकाराचं नाव काय लिहू?"

बाईंना सांगता येईना. मोठ्यानं रडणाऱ्या माणसाला काय सांगता येणार?

"नोक्वेझी म्बोलेक्वा," नोसाखेले म्हणाल्या. "आणि मोठ्या अक्षरात लिही, कापायला जागा ठेवू नकोस."